मोठ्यांचा आवाज

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥



बेळगाव, खानापूर, निपाणी, तसंच फोंडा, बडोदा, इंदूर इथल्या सगळ्या कुटुंब-ग्रुपांवर हे पत्र एकाच दिवशी जातं. या वेळचं पत्र थोडं लांब आहे. रात्रीची जेवणं आटोपल्यावर वाचा, आणि घरात जी वडीलधारी माणसं असतील त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवा. यात आमची एक चूक आम्ही तुमच्यासमोर ठेवणार आहोत. पण तिथपर्यंत जायचा रस्ता हत्ती आणि देवमाशावरून जातो, तेवढा धीर धरा.

मागच्या महिन्यात एका रविवारी आपल्या केंद्राच्या बालवर्गात भांडण लागलं. जगातला सगळ्यात मोठा प्राणी कोणता? एकजण म्हणे हत्ती, कारण बाप्पाला हत्तीचंच डोकं लावलंय, लहान प्राण्याचं कोण लावेल? दुसरी म्हणे देवमासा, कारण नावातच देव आहे. वर्ग घेणाऱ्या ताईंनी निवाडा केला की जमिनीवर हत्ती आणि समुद्रात निळा देवमासा, दोघंही जिंकलात. पण मुलं अशी ऐकतात होय! "देवमासा केवढा असतो, दाखवा."

ताईंनी सुतळीचा गुंडा मागवला आणि आम्हा मोठ्यांनाही कामाला लावलं. मोठ्यात मोठ्या निळ्या देवमाशाची लांबी ३० मीटरच्या आसपास भरते. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी सुतळीचं एक टोक धरलं. दुसरं टोक सभामंडपातून, चपलांच्या मांडणीवरून, अंगणातल्या तुळशीजवळून सरळ नेलं, ते फाटकाबाहेर रिक्षा उभ्या राहतात तिथपर्यंत गेलं. एक रिक्षावाले मामा काळजीने विचारायला लागले, जागेची मोजणी चाललीय काय म्हणून. मग हत्ती. आफ्रिकेतल्या मोठ्या नर हत्तीची खांद्यापर्यंतची उंची सव्वातीन मीटर धरली, आणि भिंतीवर खडूची खूण करायला शिडी आणावी लागली. वजन सुमारे ६ टन. आणि देवमाशाचं? शंभर-दीडशे टन. म्हणजे एका पारड्यात देवमासा घातला तर दुसऱ्यात हत्तींचा अख्खा कळप चढवायचा, तेव्हा कुठे काटा हलणार.

खानापूर, चंदगड, दोडामार्गकडची मंडळी हे वाचून हसत असतील. त्यांना हत्ती सुतळीने मोजावा लागत नाही, तो रात्री भातात आणि केळीत येऊन स्वतःच माप दाखवून जातो. २००२ च्या सुमाराला दांडेलीच्या बाजूने हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हापासून तिकडच्या शेतकऱ्याची झोप उडालेली आहे. आपले हे आशियाई हत्ती आफ्रिकेतल्यांपेक्षा थोडे लहान, तरी मोठा नर चार टनांचा असतो. ज्याचं पीक तुडवलं गेलं त्याला हत्तीचं प्रवचन सांगू नये, हे आम्हाला कळतं. तरी ऐका.

त्या रात्री आम्ही दोघं-तिघं या विषयाच्या मागेच लागलो. वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. हे एवढे प्रचंड जीव, पण यांचं खाणं काय? हत्ती गवत, पाला, साली खातो, दिवसाला दीडशे किलोच्या आसपास. आणि निळा देवमासा खातो क्रिल, म्हणजे कोकण-गोव्याकडे जो जवळा मिळतो त्याच जातकुळीचा, बोटाच्या पेराएवढा जीव. (शाकाहारी मंडळींनी उदाहरणाला हसून सोडून द्यावं.) जगातला सगळ्यात मोठा जीव सगळ्यात लहानांवर जगतो. तोंड उघडून टनावारी पाणी आत घ्यायचं, टाळूच्या झालरीतून ते गाळून बाहेर सोडायचं, उरेल ते पोटात.

त्याला आपण मासा म्हणतो, पण तो मासा नाही. तो हवेवर श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. जन्मतःच पिल्लू सात मीटरचं असतं आणि दिवसाला ९० किलोने वाढतं. २०१४ साली कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या एका मेलेल्या देवमाशाचं हृदय टोरोंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमने जतन केलंय, ते भरलं सुमारे १८० किलो. आणि हे हृदय धडधडतं किती? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी मॉन्टेरे उपसागरात एका जिवंत देवमाशाला यंत्र चिकटवून मोजलं. २०१९ साली ते छापून आलं. खोल बुडी मारल्यावर मिनिटाला चार ते आठ ठोके, कधीकधी फक्त दोन. वर श्वासाला आला की तीसच्या घरात. आपण जपाला बसलो की पाच मिनिटांत घड्याळ बघतो, आणि हा एकेका ठोक्याला पंधरा-तीस सेकंद थांबतो!

आणखी एक गोष्ट मनाला लागली. एवढा बलाढ्य देह, पण तो पाण्याच्या आधारावर आहे. किनाऱ्यावर येऊन पडला की स्वतःच्याच वजनाखाली त्याला श्वास जड जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं. रत्नागिरीकडच्या आपल्या मंडळींना आठवत असेल. लोकांनी त्याच्यावर ओली कापडं घातली, पाणी मारत राहिले, शर्थ करून त्याला समुद्रात ढकललं. तरी ते वाचलं नाही. महाराज सांगतात ना, की ज्याच्यावर तरंगतो त्याची आठवण ठेव. आम्ही ते वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ऐकल्यासारखं करून सोडून देतो. त्या पिल्लाचे फोटो परत पाहिल्यावर ते पहिल्यांदा कळलं.

आता आवाजाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

केटी पेन नावाच्या एक अमेरिकन बाई. त्यांनी आधी कित्येक वर्षं समुद्रातल्या देवमाशांची गाणी ऐकून अभ्यासली. १९८४ साली त्या पोर्टलंड शहरातल्या प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या. कानाला तर काही ऐकू येत नव्हतं, पण हवेत मधूनमधून काहीतरी थरथरतंय, छातीवर दाब आल्यासारखं होतंय, असं त्यांना जाणवलं. परत जाताना त्यांना आठवलं की पूर्वी चर्चच्या गायनवृंदात गाताना, मोठ्या ऑर्गनचे खर्जाचे सूर लागले की अगदी असंच वाटायचं. मग यंत्रं लावून तपासलं. हत्ती बोलत होते! माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, आणि हत्तींचं कितीतरी बोलणं त्याच्या आसपास किंवा खाली चालतं. तो खर्ज रानातून कित्येक किलोमीटर जातो. निळ्या देवमाशाचंही तसंच. त्याची हाक समुद्रात शेकडो किलोमीटर पोचते, आणि आपण बोटीच्या काठावर उभे असलो तरी आपल्याला तिचा पत्ता नसतो.

बघा मंडळी, चिमणी ऐकू येते, कुत्रं ऐकू येतं, डास तर कानाशीच गातो. आणि जमिनीवरचा सगळ्यात मोठा आणि समुद्रातला सगळ्यात मोठा, या दोघांचं जे सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तेच आपल्या कानाच्या खालून निघून जातं.

मराठीत आपण "मोठा" हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. आकाराने मोठा तोही मोठा, वयाने मोठा तोही मोठा. हत्तींच्या घरात हे दोन्ही अर्थ एकच होतात. कळप चालवते ती सगळ्यात मोठी हत्तीण, म्हणजे आजी. केनियातल्या अंबोसेलीत १९७२ पासून हत्तींच्या एकेका कुटुंबाची नोंद ठेवली जातेय. तिथे दिसून आलं की आजी जितकी वयस्कर, तितकं तिला लांबून येणाऱ्या आवाजात ओळखीचं कोण आणि परकं कोण हे नीट कळतं. त्यामुळे कळप उगाच घाबरत नाही.

टांझानियात तारंगिरे नावाचं अभयारण्य आहे. १९९३ साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. काही कळप पाण्याच्या शोधात अभयारण्य सोडून बाहेर गेले, त्यांची पिल्लं जास्त वाचली. जे तिथेच राहिले, त्यांची जास्त मेली. अभ्यासकांचं म्हणणं असं की बाहेर पडलेल्या कळपांतल्या म्हाताऱ्या हत्तिणींनी पस्तीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ लहानपणी पाहिला असावा. पाणी कुठे मिळालं होतं ते त्यांच्या ध्यानात राहिलं असावं. राहिलेल्या कळपात तेवढ्या वयाचं कोणी नव्हतं. रस्ता नकाशात नव्हता, आजीत होता.

हे वाचून आमच्यातला एकजण म्हणाला, "आपल्या काकू किती दिवस आल्या नाहीत हो?"

कोणी काही बोललं नाही.

नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वय ८० च्या पुढे. आमच्या केंद्रात पस्तीसेक वर्षं गुरुवारचं नामस्मरण त्यांनीच उचललं. आवाज अगदी बारीक, ठाय लयीत, नाम घेताना दोन शब्दांच्या मध्ये थांबायच्या. नवीन माणसाला वाटायचं विसरल्या की काय. त्या थांबण्यात आख्खं सभागृह शांत व्हायचं.

मागच्या दिवाळीनंतर देणग्या जमल्या आणि आम्ही नवीन साउंड सिस्टिम घेतली. चांगली आहे, खोटं कशाला बोला. पण माइकवर काकूंचा आवाज नीट येईना. त्या माइकपासून लांब सरायच्या, आम्ही परत जवळ करायचो, शिट्टी वाजायची. शेवटी आम्ही पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केलेलं नामस्मरण लावायला सुरुवात केली. काकूंना म्हणालो, "काकू, खूप वर्षं केलंत, आता तुम्ही आरामात बसा." शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, तुम्हीही त्याला हात जोडलेत. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी गादीची खुर्ची ठेवली. तीन गुरुवार त्या त्या खुर्चीवर बसल्या. चौथ्या गुरुवारी आल्या नाहीत. गुडघे दुखत असतील, असं आम्ही आपसांत म्हणालो. फोन एकानेही केला नाही. चार महिने!

त्याच चार महिन्यांत गुरुवारची उपस्थिती साठावरून पस्तीसवर आली होती. आम्ही कारणं शोधत होतो. मुलांच्या शिकवण्या, रस्त्याचं खोदकाम, टीव्हीवरच्या मालिका. दोन घरं तर महाप्रसादाच्या स्वयंपाकालाही यायची बंद झाली. त्यांच्यात आणि आमच्यात काही झालेलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं काकूंकडे गेलो. त्या ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. रागाचा एक शब्द नाही. चहा ठेवला. आम्ही चुकलो म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो चुकलात कसले. तुमचा आवाज इतका मोठा होता, मला माझंच नाम ऐकू येईना. म्हणून घरी बसून घेते." मग बोलता बोलता टेबलावरची एक जुनी डायरी दिसली. तारखांची नाही, फोन नंबरांची. आम्ही सहज विचारलं. तेव्हा कळलं की काकू दर बुधवारी दुपारी जेवणं झाली की दहा-बारा घरी फोन करायच्या. सून बरी आहे का, नातवाचा ताप उतरला का, आणि उद्या या हं. बस. वर्षानुवर्षं. ज्या दोन घरांचं येणं थांबलं होतं, त्यातल्या एका घरी मुलाची नोकरी गेली होती, दुसऱ्या घरी भावाभावांत जमिनीवरून बोलणं बंद होतं. हे आम्हाला माहीत नव्हतं. काकूंना माहीत होतं. "आता ग्रुपवर मेसेज जातो ना तुमचा," त्या म्हणाल्या, "मग मी कशाला त्रास देऊ लोकांना?"

घरी येताना स्कूटरवर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

भागवताच्या आठव्या स्कंधातलं गजेंद्राचं आख्यान आपण सगळे जाणतो. गजराज सरोवरात उतरला, नक्राने पाय धरला. कळपातल्यांनी ओढून पाहिलं, जमलं नाही. त्याचंही बळ संपत गेलं. शेवटी सोंडेत एक कमळ धरून त्याने हाक मारली आणि ती नारायणाने ऐकली. आजवर आम्ही या गोष्टीत हत्तीची शरणागती पाहत आलो, महाराजांनीही तीच समजावली. या वेळी आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. नारायणाने ऐकली म्हणजे त्याच्याकडे ऐकायला शांतता होती. वैकुंठात जर आमची सिस्टिम लावलेली असती तर गजेंद्राचं काय झालं असतं कोण जाणे. हा विनोद आमच्यातल्याच एकाचा आहे, पण नंतर तो आम्हाला हसू येण्याजोगा राहिला नाही.

समुद्रातही हेच चाललंय. मोठ्या जहाजांच्या पंख्यांची घरघर नेमकी त्याच खर्जात असते ज्यात देवमासे बोलतात. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची ये-जा कमी झाली. तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्यातला गोंगाट सहा डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत तिथल्या देवमाशांच्या (हे निळे नव्हेत, राइट व्हेल म्हणतात ते) विष्ठेत ताणामुळे वाढणारं संप्रेरकही कमी सापडलं. म्हणजे आपल्याला वाटतं त्यांना सवय झाली असेल, ते काही बोलत नाहीत. बोलत नसतात असं नाही, आणि सवयही झालेली नसते.

याच्या आधी माणसाने त्यांना मारलं ते वेगळंच. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सव्वातीन लाखांहून जास्त निळे देवमासे तेलासाठी मारले. १९६६ साली त्यांच्या शिकारीवर बंदी आली तोवर अंटार्क्टिकाच्या समुद्रात मोजायलाही फार उरले नव्हते. आता जगभर मिळून दहा ते पंचवीस हजार असावेत असा अंदाज आहे. हळूहळू वाढताहेत, एवढं चांगलं.

हत्तींची एक सवय मात्र शिकण्यासारखी आहे. लांबून काही ऐकू आलं की चालता कळप एकदम जागच्या जागी थांबतो. कान पसरलेले, सोंड स्थिर, पिल्लंसुद्धा हलत नाहीत. पायातून जमिनीची थरथर ते घेत असतात असंही आढळलंय. ऐकून झालं की मग चालतात. एवढ्या मोठ्या प्राण्यालाही ऐकायचं असलं तर आधी थांबावं लागतं, पाय वाजवत चालता चालता ऐकू येत नाही त्याला.

मंडळींनी गेल्या शनिवारी बसून ठरवलंय ते असं. येत्या गुरुवारपासून संध्याकाळी साडेपाच ते सहा, पहिला अर्धा तास स्पीकर बंद. नाम काकू घेतील. ज्यांना मागे ऐकू येत नाही त्यांनी पुढे सरकून बसावं, जवळजवळ बसायला हरकत नाही. मोबाइल चपलांपाशी ठेवलेल्या पेटीत. सहानंतर आरतीला सिस्टिम लावू, त्यालाही काकूंची ना नाही, फक्त "थोडी कमी ठेवा" म्हणाल्या. इतर गावांतल्या केंद्रांना आम्ही काही सांगत नाही. तुमच्याकडची काकू कोण, हे तुम्हालाच माहीत.

बुधवारचे फोन आजपासून परत सुरू झालेत. कालच एका घरचा निरोप आला की महाप्रसादाला भाजी चिरायला येतोय. त्या दुसऱ्या घरचं अजून काही कळलेलं नाही. काकू म्हणाल्या, त्याला वेळ लागेल, तुम्ही मधे पडू नका.

काकूंच्या दोन अटी आहेत. गादीची खुर्ची काढून टाकायची, त्या पूर्वीसारख्या खांबाला टेकून सतरंजीवर बसणार. आणि बालवर्गातल्या मुलांनी ती सुतळी परत एकदा ताणून दाखवायची, त्यांना बघायचंय देवमासा खरंच फाटकाबाहेर जातो का. पंखे तेवढे चालू राहतील.

आपले,
केंद्रातील मंडळी
॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥